किरणची मूठ

मांडीवर सूप नव्हते, तरी शांताबाईची बोटे गहू निवडीत होती. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, आयसीयूच्या काचेच्या दारासमोरच्या बाकावर बसून ती पदराच्या काठावरचे न दिसणारे खडे वेचून टाकीत होती. नागपंचमी सरली होती. उद्याचा रविवार कानबाई देवीचा. गुजराती मुलखातल्या पांडेसऱ्यात, खानदेशातून पोटामागे आलेल्या माणसांच्या खोल्याखोल्यांतून, आज सांजेला रोटाचे, देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू घ्यायचे होते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. नाव घ्यायचे आणि मूठ टाकायची.

किरणचे नाव घ्यायचे की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि तो तिच्या छातीवर जात्यासारखा बसला होता.

किरण तिचा धाकटा. कामरेजकडे बांधकामावर होता. पायाच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचलेले, त्यात उभे राहून दिवसदिवस काम. ताप चढला, डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि मग मूत्रपिंडांनी अंग टाकले. आता तो काचेपलीकडे नळ्यांच्या जाळ्यात निपचित पडला होता. डॉक्टर रोज एकच वाक्य बोलत, "लघवी उतरू द्या, मग बघू."

"आई, औंदा रोट राहू दे," थोरला भगवान तिच्याशेजारी उकिडवा बसत म्हणाला. "देवी मांडली अन् घरात काही कमीजास्त झालं, तर रोट बंद पडतील. मग पुढे कधी कानबाईच्याच दिवशी घरात पोर जन्माले येईल नाहीतर गाय व्याईल, तवाच सुटतील."

"कमीजास्त म्हंजे काय रे?"

भगवानने मान खाली घातली. "नाहीतर असं कर. बाकीच्यांचे घे. किरणची मूठ तेवढी नको टाकू."

शांताबाईची बोटे थांबली. मूठ टाकली आणि पोर गेला, तर देवीचा कोप सगळ्या कुळावर. नाही टाकली, तर जिवंत पोराला आईनेच हाताने वजा केले. दोन्हीकडे आग आणि मधे ती.

"अरे मासी," पलीकडच्या बाकावरून मगनभाई म्हणाला, "तुमचा भगवानच असा गभरावा, तर आम्ही कोणाकडे जायचं?"

मगनभाई इथलाच, भेस्तानचा. त्याची बायको आत होती, किरणच्याही आधीपासून. दिवसभर तो असे काहीबाही बोलून व्हरांडा हसता ठेवी, आणि हसून झाले की भिंतीकडे तोंड करून बसे.

दुपार कलली तशी जिन्यावर चपलांचा संथ, ओळखीचा आवाज झाला. सरलाबाई आल्या. नगरपालिकेच्या मराठी शाळेत हयात घालवलेली ही बाई. त्यांचे यजमान याच काचेमागे गेले होते. दुसऱ्या कोणी त्या इमारतीवरून जाणारा रस्तासुद्धा टाळला असता. सरलाबाई मात्र त्यानंतर रोज येऊ लागल्या. प्रवचन नाही, अंगारा नाही, 'सगळं ठीक होईल' हे वाक्य तर त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेच नव्हते. त्या शेजारी बसत आणि विचारीत, आतल्या माणसाला खायला काय आवडतं? चिडतो कशावरून? लहानपणी कसा होता? आणि बघता बघता, ज्याच्याविषयी दिवसभर फक्त तपासण्यांचे आकडे बोलले गेले होते तो माणूस पुन्हा माणूस होऊन बाकावर येऊन बसे. कोणाला जपमाळ हवी असे, कोणाला नमाजासाठी पश्चिम कुठली ते हवे असे. सरलाबाई ते आधी विचारून घेत आणि मगच जागेवरून उठत. दिवा नेताना ज्योतीआड हात धरावा, तसे त्यांचे बोलणे होते.

त्यांनी शांताबाईची बोटे पाहिली. "काय निवडताय?"

शांताबाईने तुटक तुटक सांगितले. ऐकून सरलाबाई म्हणाल्या, "मग त्याच्या वाट्याचे गहू माझ्याकडे द्या. मी देवळात पोचवते. म्हणजे वाटा निघालाही, आणि घरावर काही आलंही नाही."

शांताबाई एकदम ताठ झाली. "देऊळमा? आमचा रोट घराबाहेर जात नाही, बाई! भाऊबंदाशिवाय त्याले कोनी हात लावत नाही. तुम्हाले काय माहीत!"

भगवान ओशाळून उठला. सरलाबाईंनी मात्र क्षणभर स्वतःचे हात पाहिले, जणू त्यांनीच काही सांडले होते.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "न विचारताच तोडगा काढायला निघाले. तुम्ही सांगा, मी ऐकते."

त्या 'चुकले'मध्ये काय होते कोण जाणे. कोंडलेले पाणी मोरीतून वाट काढते तशी शांताबाई बोलू लागली. नारळाला नथ घालून, डोळे रेखून देवी कशी मांडतात. रात्रभर गाणी कशी चालतात. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, पुरण. आणि लहानपणी किरण गव्हाच्या राशीत स्वतःची मूठ कशी खुपसायचा. आईची मूठ मोठी असते, माझ्या नावाची मीच टाकणार, असा हट्ट. सासू रागवायची, पण तो कोणाला ऐकतो!

"मग अलीकडे कोण टाकायचं त्याची?"

"तोच. गेल्या सालापर्यंत." शांताबाईने पदराचा काठ मुठीत धरला. "एवढा बाप्या झाला, पन हात पुढे करायचाच."

सरलाबाईंनी हलकेच विचारले, "आज आहे ना तो?"

"शे," शांताबाई म्हणाली. आहे. घरच्या बोलीतला तो एवढासा शब्द, तिच्याही नकळत, तोंडातून खणखणीत पडला. आणि तो कानावर येताच तिने काचेकडे पाहिले.

"भगवान," ती उठत म्हणाली, "खोलीवर जा. पसाभर गहू धुऊन, कोरडे करून आण. मूठ त्याचीच पडंल."

"आत कोण जाऊ देईल, आई?"

"ते माझ्याकडे," सरलाबाई म्हणाल्या आणि आतल्या सिस्टरशी बोलायला गेल्या. काय बोलल्या ते कोणाला ऐकू आले नाही. बाहेर आल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "एकाच माणसाने जायचं. हात धुऊन, वरून झगा घालून. दाणा खाली सांडायचा नाही."

उन्हे उतरायच्या आत भगवान गव्हाची पिशवी घेऊन आला. हिरवा झगा घातलेली शांताबाई मुलाच्या खाटेपाशी उभी राहिली. सिस्टरने त्याच्या हाताखाली स्वच्छ फडके पसरले. शांताबाईने त्याचा पिवळा, सुजलेला तळहात उलगडला, त्यात गहू ठेवले आणि एकेक बोट आपल्या बोटांनी मिटवले. मूठ भरली. वर चिमटीभर सव्वाचे दाणे. "किरण," ती म्हणाली. देवीसाठी घ्यायचे नाव आणि पोराला मारायची हाक, दोन्ही एकच झाले. मग तिने ती मूठ फडक्यावर हलकेच सैल केली. एक दाणा त्याच्या तळहाताला चिकटून राहिला. तो काढताना तिला जेवढे रडू आले, तेवढे साऱ्या दुखण्यात आले नव्हते.

बाहेर सरलाबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंड धुवायला पाणी पुढे केले.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी बायका फुगड्या घालीत तिला तापीवर विसर्जनाला घेऊन गेल्या. शांताबाईने किरणच्या वाट्याचा रोट फडक्यात बांधून वेगळा ठेवला, आणि सरलाबाईंसाठी वेगळ्या पिठाची पुरणपोळी आणली. "ही रोटातली नाही हं. रोट तुम्हालेबी देता येत नाही."

"नकोच. त्याचा वाटा त्यालाच," सरलाबाई म्हणाल्या आणि पोळीचा घास मनापासून खाल्ला.

त्यानंतर एका सकाळी सिस्टर दारातूनच ओरडली, "मासी! लघवी उतरली!" मगनभाईने कपाळाला हात लावला. "बघा, दुनिया सोनंनाणं मागते, अन् आपण इथं हे मागत बसलोय!" सारा व्हरांडा हसला. शांताबाई हसत हसत खालीच बसली.

किरणला साध्या वॉर्डात हलवले. रोट पौर्णिमेच्या आत संपायला हवा होता. आदल्या दिवशी डॉक्टरांनी बोटाच्या टोकाएवढी परवानगी दिली. शांताबाईने तेवढा चुरा दुधात भिजवून त्याच्या जिभेवर ठेवला. उरलेला भगवानने खाल्ला. किरण पुटपुटला, "गोड कमी शे." तो शब्द पदरात घेऊन ती जिने चढत वर निघाली. सर्वांत आधी सरलाबाईंना सांगायचे होते.

व्हरांड्याच्या तोंडाशी ती थबकली. काचेचे दार उघडे होते. आतली एक खाट रिकामी झाली होती. बाकावर मगनभाई बसला होता. आज भिंतीकडे तोंड न करता, सगळ्यांसमोर. शेजारी सरलाबाई.

ओठांवर आलेला शब्द शांताबाईने तसाच मिटून घेतला. कोपऱ्यातल्या माठातून तिने तांब्या भरला, आवाज न करता मगनभाईच्या पायाशी ठेवला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला टेकली. सरलाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत त्यांनी सारे वाचले असावे.

पुष्कळ वेळाने मगनभाईच आपणहून बोलला, "तिला आंबट बहु भावायचं, मासी. कच्ची केरी, मीठ लावून."

"हं," शांताबाई म्हणाली. "सांगा."