पलंगाखालची रिकामी पेटी

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे आणि गेली सात वर्षं एका कपड्यांच्या कपाटात लटकतो आहे. माझ्या एका बाजूला जाड हिवाळी कोट आहेत आणि दुसऱ्या बाजूला एका एकोणीस वर्षांच्या मुलाचे शर्ट. ते शर्ट गेली दोन वर्षं कोणी घालत नाही. ते तिथून काढायचा धीर या घरात कोणाला होत नाही.

कारखान्यातून निघालो तो मी थेट अमेरिकेतल्या मेंफिस शहरातल्या एका चर्चमध्ये आलो. माझ्यासाठी खास लाकडी पेटी होती. आत लाल मखमल, बाहेर पितळी कुलूप आणि त्याची बोटभर चावी. तिथले पाद्री बोलण्याच्या भरात मला टेबलावर आपटत. माझ्या जाळीला पडलेला पोचा ही त्यांचीच कृपा. पण रविवारी व्हर्नीस नावाची मुलगी माझ्यासमोर उभी राहून गायची, तेव्हा मी सगळं विसरत असे. तिने सूर लावला की माझ्या आतला पातळ पडदा थरथरायचा. लोक तिचं कौतुक करत आणि त्यातलं निम्मं मी माझ्या नावावर घेत असे.

मग बिनवायरचे माइक आले. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. तिथे मी किती वर्षं पडून होतो ते मला सांगता येणार नाही. एक दिवस आवराआवर निघाली आणि व्हर्नीसने मला ओळखलं. ती आता हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करत होती आणि एका मुलाची आई होती. "फेकताय ना? मग मला द्या," ती म्हणाली.

तिचा मुलगा कॉर्टेझ तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला सगळे टेझ म्हणत. त्याने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"मम्मा, हा चालतो तरी का?"

"तुझ्यापेक्षा जास्त काम केलंय त्याने," व्हर्नीस म्हणाली.

टेझ रॅप करायचा. आमच्या वस्तीत स्टुडिओ परवडत नाही, म्हणून मुलं कपड्यांच्या कपाटात शिरून गातात. कपडे घुमणारा आवाज गिळून टाकतात. घरातलं सर्वांत मोठं कपाट व्हर्नीसच्या खोलीत होतं, म्हणून मला तिथे टांगलं. टेझ आत दार लावून घामाघूम होत गायचा आणि शेजारचा ओडेल बाहेर व्हर्नीसच्या पलंगावर संगणक घेऊन बसायचा. माझी रिकामी पेटी त्याच पलंगाखाली सरकवलेली होती. ती उगाचच कुलूपबंद असायची. चावी टेझने साखळीत ओवून गळ्यात घातली होती. ती त्याला शुभ वाटायची.

टेझचा एक हट्ट होता. तो कधीही काही लिहीत नसे. "कागद बघून गातो तो शाळेतला मुलगा," असं म्हणायचा. अख्खं गाणं डोक्यात जुळवायचं आणि माझ्यासमोर ओतायचं, ही त्याची रीत. आणखी एक रीत त्याची एकट्याची नव्हती, सगळ्यांचीच होती. नसलेल्या श्रीमंतीची फुशारकी मारायची. ज्याच्याकडे सायकल नाही, तो तीन मोटारींचं गाणं गातो. ऐकणारेही मान डोलावतात, कारण खेळ सगळ्यांना ठाऊक असतो.

तो एकोणीस वर्षांचा असताना केलेल्या एका गाण्यातल्या दोन ओळी अशा होत्या:

*आईच्या पलंगाखाली तिजोरी आहे भरून,*
*चावी माझ्या गळ्यात, ये, दाखव चोरी करून.*

बारा वेळा त्या ओळी जमल्या नाहीत. तेराव्या वेळी जमल्या. ओडेलने बाहेरून टाळी वाजवली आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

ओडेलने ते गाणं इंटरनेटवर टाकलं आणि महिन्याभरात ते शहरभर झालं. येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींतून ते ऐकू यायचं. धुलाईखान्यातल्या एका पोरीने ते व्हर्नीसला ऐकवलं आणि त्या दिवशी व्हर्नीस कोट न काढताच खोलीत आली.

"माझ्या पलंगाखाली तिजोरी आहे?"

"मम्मा, ते गाण्यात आहे."

"मग गाण्यात माझा पलंग कशाला? तुझ्या पलंगाखाली ठेव ना."

"मिस व्हर्नीस, त्याच्या पलंगाखाली मोजे आहेत. चोर बेशुद्ध पडेल," ओडेल म्हणाला.

"तू गप्प बस. टेझ, लोकांना खरं वाटेल."

"कोणाला वाटतं खरं? सगळेच असं गातात. माहीत असतं सगळ्यांना."

"ज्याला माहीत नाही तो विचारायला येणार नाही, बाळा. तो सरळ घरात शिरेल. काढ ती ओळ."

"अगं, ती ओळ काढली तर गाण्यात उरतं काय?"

"तुझी आई उरते," व्हर्नीस म्हणाली. "नाही काढलीस तर माझ्याशी बोलू नकोस."

तीन दिवस अबोला चालला. ती त्याचं ताट झाकून ठेवायची, पण हाक मारायची नाही. तो जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि काही बोलायचा नाही. दोघंही सारखेच हट्टी होते.

चौथ्या दिवशी दुपारी टेझ एकटाच कपाटात आला. व्हर्नीस कामावर होती. ओडेल अजून यायचा होता आणि माझी वायर त्याच्या पिशवीत होती. म्हणजे मी मुकाच होतो. तरी टेझ माझ्याजवळ तोंड आणून हळूच गाऊ लागला. अडखळला, पुन्हा गायला. मग एकदा सगळं जमलं:

*आईच्या पलंगाखाली पेटी आहे रिकामी,*
*त्यात तिचा आवाज होता, तोच आता गातो मी.*

तो स्वतःशीच हसला. "संध्याकाळी आधी मम्माला ऐकवतो. रडेल बघ," असं मला म्हणाला. त्याच्याकडच्या माझ्या पाच वर्षांत तो माझ्याशी असं पहिल्यांदाच बोलला.

तेवढ्यात दार वाजलं. ओडेल आला असं समजून त्याने उघडलं. तोंडाला फडकी बांधलेली दोन मुलं त्याला ढकलत या खोलीत घेऊन आली. आवाजावरून त्याच्याच वयाची असावीत.

"तिजोरी उघड, शेठ."

"तिजोरी नाहीये, भावा. गाणं आहे ते नुसतं."

"खोटं बोलू नको. आम्हाला अख्खं पाठ आहे." आणि त्यातल्या एकाने ती ओळ म्हणून दाखवली. अगदी टेझसारखी म्हणाला, श्वाससुद्धा तिथेच घेतला.

दुसऱ्याने पलंगाखाली हात घातला आणि माझी पेटी ओढून काढली. कुलूप लावलेली.

"मग हे काय आहे?"

"रिकामी आहे. थांबा, चावी देतो," टेझ म्हणाला, आणि त्याने शर्टाच्या आत हात घातला.

त्या मुलाला वाटलं, तो पिस्तूल काढतोय.

गोळी एकच होती. मित्रांनो, मी मोठमोठे आवाज सोसलेले आहेत. तो मला अजून सोसलेला नाही. मुलं टेझचा फोन आणि पेटी घेऊन पळाली. त्याची मूठ चावीवर तशीच राहिली.

आठवड्यात दोघं सापडले. फोडलेली पेटी त्यांच्या मोटारीत होती, लाल मखमल ब्लेडने फाडलेली. पोलिसांनी खोली मोजली, फोटो काढले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. वायर नसलेल्या माइकला कोण काय विचारणार?

दफनाच्या दिवशी त्याच्या मित्रांनी प्रेमापोटी तेच गाणं लावलं. त्या ओळीवर सगळी पोरं एका सुरात ओरडली आणि व्हर्नीस उठून बाहेर निघून गेली. ते गाणं आता पूर्वीपेक्षा जास्त वाजतं. त्याने बदललेली ओळ कागदावर नाही, फोनवर नाही, कोणाच्या कानात नाही. ती फक्त मला माहीत आहे.

मला पुसून ठेवा, ओलीपासून जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं काय व्हायचं ते होवो. एवढंच सांगतो: फुशारकी ऐकलीत तर ती फुशारकी म्हणूनच ऐका. आणि घरच्या माणसासाठी मनात काही जुळवलं असेल, तर संध्याकाळची वाट बघू नका.

काल रविवार होता. व्हर्नीस चर्चला गेली नाही. कपाटात आली, आतून दार लावलं आणि त्याच्या शर्टांमध्ये उभी राहिली. मग माझ्या पोच्यावर अंगठा ठेवून तिने हळूच विचारलं, "माझं ऐकलं नाही ना रे त्याने? शेवटपर्यंत नाहीच ऐकलं ना?"

माझा पडदा थरथरला. पण मी माइक आहे. मला फक्त ऐकता येतं.

 मग तिने दिवा घालवला आणि बाहेर पडून दार लावून घेतलं.