दाजींची एकच सकाळ

माझी थोरली बहीण दोक-इम गेली ती माझ्या शेजारी उभी राहून कालवं फोडताना. थोंगयॉन्ग बंदराच्या धक्क्याला लागून आमची शेड आहे. हिवाळाभर आम्ही बायका तिथे ओळीने उभ्या राहून शिंपले फोडतो. बोलता बोलता तिच्या हातातली सुरी गळाली, ती माझ्या अंगावर कलंडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

त्या सकाळी घरातून निघताना ताईने दाजींना सांगितलं होतं, डावा हात जड वाटतोय म्हणून. मान-शिक दाजी बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांना कुठलीशी बोट सुटायच्या आत गाठायची होती. "कालवं फोडून भरून आला असेल. दुखण्यावरची औषधी पट्टी चिकटव आणि जा," असं त्यांनी बुटात पाय घालता घालताच सांगितलं, मान वर न करता. ताईने पट्टी चिकटवली होती. दवाखान्यात तिची बाही वर सारली तेव्हा ती पट्टी दाजींना दिसली.

तिथून पुढे दाजी त्या सकाळमधून बाहेर आलेच नाहीत. मी मान वर केली असती तर? तिच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर? डॉक्टरांनी त्यांना दोनदा बसवून समजावलं की त्या सकाळी कुणाच्या काही लक्षात येणं अवघड होतं. दाजी मान डोलवायचे आणि दाराबाहेर पडताच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. शेडच्या दाराशी येऊन मला विचारायचे, ती शेवटी काय बोलत होती, माझ्यावर रागावली होती का, हात चोळत होती का. मी सांगायची. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न. शेड बंद असली की माझ्या घरी यायचे. कामातलं त्यांचं लक्ष उडालं. एकदा त्यांनी दुरुस्त केलेलं इंजिन भर खाडीत बंद पडलं. कोळी त्यांना काही बोलले नाहीत, पण हळूहळू दुसरीकडे जायला लागले.

वर्षश्राद्धाला त्यांची मुलगी बोराम बुसानहून आली. आम्ही दोघींनी ताईच्या फोटोसमोर पानं मांडली. दाजींनी ताईला वाहायचा दारूचा प्याला उचलला आणि हात तसाच अधांतरी ठेवून ते बोलायला लागले, "त्या दिवशी मी नुसतं बघितलं जरी असतं..."

"अप्पा, पुरे," बोराम म्हणाली. ती ओरडली नाही, पण तिचा आवाज चिरकला. "माझी आई तेवढीच होती का? तुमच्या तोंडून ती रोज फक्त मरते. फोन करावा तर मरतेय, घरी यावं तर मरतेय. ती भांडायची, हसायची, बसमध्ये अनोळखी बायकांची पोरं मांडीवर घेऊन बसायची. त्या बाईचं काय केलंत तुम्ही?"

दाजींनी प्याला फोटोसमोर ठेवला. मग म्हणाले, "मला आठवत नाही, बाळा. मागे जायला निघालो की त्या सकाळपाशीच अडकतो. तिच्या पलीकडे जाताच येत नाही."

बोराम दुसऱ्या दिवशी न जेवताच गेली. नंतर तिचे फोनही थांबले.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने मला एक उपाय सांगितला होता. विचार करू नका म्हटल्याने विचार थांबत नाही, त्याला वेळ नेमून द्या, म्हणाली. मी दाजींना सांगितलं, दुपारच्या सुट्टीत धक्क्यावर या. माझा चहा संपेपर्यंत काय हवं ते विचारा. बाकी दिवसभर तो विचार आला की त्याला म्हणायचं, दुपारी बघू, आणि हातातला नट पिळायचा.

"लहान मुलाला समजावतेस तसं?" ते म्हणाले.

"तसंच समजा."

सुरुवातीला ते सकाळीच दारात यायचे. मी सुरी खाली न ठेवता म्हणायची, "आत्ता नाही, दाजी." शेडमधल्या बायका मला दगडाच्या काळजाची म्हणायला लागल्या. शिंपल्यांच्या ढिगांमधून मान खाली घालून परत जाणारे दाजी मला दिसायचे. तरी मी हाक मारली नाही.

धक्क्यावर त्यांचे प्रश्न संपले की मी मुद्दाम ताईचं दुसरं काहीतरी काढायची. हान्सान बेटावर जाताना ती बोटीत कशी घाबरून माझा हात धरून बसली होती, ते सांगितलं. दाजी म्हणाले, "चुकीचं सांगतेस. घाबरली होतीस तू. ती पुढे उभी राहून खलाशाशी वाद घालत होती." बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकले. मग मी रोज थोडं चुकीचं सांगायला लागले.

हिवाळा सरत आला. एका दुपारी दाजी आले आणि काही न विचारता बसून राहिले. माझा चहा अर्धा झाला.

"सकाळी एक जुनं इंजिन उघडलं होतं," शेवटी ते म्हणाले. "त्यात असा गुंतलो की दुपार झाल्याचं कळलंच नाही. एकदाही तो विचार आला नाही."

मला आनंद झाला. मी म्हणाले, "मग चांगलंच झालं की, दाजी."

मी थोबाडीत मारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चांगलं? अगं, तो विचार होता तोवर ती रोज दारात तरी यायची. हात जड झालाय म्हणायची. मी रोज चुकीचं उत्तर द्यायचो, पण ती बोलायची माझ्याशी. आज मी इंजिनात डोकं घालून बसलो आणि ती आलीच नाही." त्यांनी तेलकट हातांनी तोंड झाकलं. "आता गेली गं ती."

अंत्यविधीला त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दुपारी ते धक्क्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडले. शेडची घंटा झाली तरी मी उठले नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी बोरामला आपणहून फोन केला. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. उन्हं तापायला लागल्यावर ती आली आणि दोघं मिळून ताईच्या समाधीवरचं गवत काढायला गेली. कोळीही आता इंजिनं घेऊन येतात. ती सकाळ अजून येते, दाजी सांगतात. येते, थोडी उभी राहते, जाते. पण ज्या दिवशी ती येत नाही, त्या दिवशी त्यांना घास गिळवत नाही.