कोपरानं पाणी बघणं

सिद्धोधनच्या पत्राला सूर्यभान गुरुजींनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र होतं चार ओळींचं. ‘सप्रेम जयभीम. मी रोज संध्याकाळी पाय भिजवतो, घासतो, तेल लावतो. पाणी कोपरानं बघतो. तू करतोस का? खरं लिही.’

कुष्ठरोगाच्या दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. औषधानं रोग गेला. हातापायांतलं कळणं मात्र परत आलं नाही. सिद्धोधन जिंतूरला गेला, गुरुजी बोरीला. ‘करतो’ लिहावं तर खोटं, ‘नाही’ लिहावं तर लाज. पत्र शब्दकोशात पडून राहिलं. पायांकडे गुरुजी बघतच नसत. खाटेखाली ठेवलेल्या कुणाच्या तरी सामानासारखे ते वाटायचे.

यंदा थंडीत एका सकाळी सून संघप्रिया फरशी पुसता पुसता थांबली.

"मामा, हे रगत कशाचं हाय?"

न्हाणीपासून खाटेपर्यंत डाग होते. गुरुजींनी पाहिलं. "माझंच असंल," ते म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं.

आदल्या दिवशी त्यांनी कढत पाणी बोटांनी बघून पायावर घेतलं होतं. बोटांना काय कळणार? अंगठ्याला फोड आला, चपलेत फुटला, त्यांना पत्ताच नाही. कोपरानं बघायचं, हे दवाखान्यात शिकवलेलं त्यांना ठाऊक होतं. पण तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना बाया बघतात तसं आपण काय बघायचं, असं वाटायचं.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं पट्टी बांधली. "हाडापर्यंत गेलं तर अंगठा काढावा लागंल, गुरुजी." दुसऱ्याच्या घरची बातमी ऐकावी तसं त्यांनी ऐकलं.

घरी आल्यावर संघप्रिया म्हणाली, "दर सोमवारी पोरायची नखं तपासायचे म्हणं तुमी. घाण दिसली की छडी. आता तुमाला कुणी मारावं?"

"हेडमास्तरांनी."

"ते गेले की कवाच!"

गुरुजी हसले नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी घमेल्यात पाणी घेतलं, बाही वर केली आणि कोपर बुडवलं.

कोपराला कळलं. कोमट होतं. बोटांना, तळव्यांना जे इतकी वर्षं कळलं नव्हतं, ते कोपराला लख्ख कळलं. पाणी बघायला एक क्षण पुरे होता. गुरुजी पाणी निवेपर्यंत तसेच बसून राहिले.

"मामा, झोपले का काय?"

"पाणी बघायलोय."

मग रोजचंच झालं. जखमेचा पाय पट्टीत, दुसरा घमेल्यात. दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून तळवे तपासायचे, टाचेच्या भेगांना तेल चोळायचं. पायाला तेलही कळत नव्हतं. चोळून झाल्यावर टाच दिव्याखाली चकाकायची, आणि गुरुजी ती जरा वळवून पुन्हा बघायचे. बाकी दिवस होता तसाच जायचा.

दोन महिन्यांनी सिस्टरनं पट्टी सोडली ती पुन्हा बांधलीच नाही. अंगठा राहिला.

त्या दुपारी गुरुजींनी शब्दकोश उघडला. पेनाला चिंधी गुंडाळून वाकड्या बोटांत धरलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: ‘सप्रेम जयभीम. तीन वर्षं करत नव्हतो. अंगठा जाता जाता वाचला. आता रोज करतो. कोपर मात्र लागतं त्यापेक्षा जास्त वेळ पाण्यात ठेवतो. तूही ठेवतोस का? खरं लिही.’

मऊ तळाच्या चपला घालण्याआधी त्यांनी त्या झटकल्या, आत खडा नाही ना ते बघितलं. मग हळूहळू पोस्टापर्यंत गेले आणि पत्र पेटीत टाकलं.