पाळण्यावरचा वेल

मनीप्लांट म्हणे चोरूनच आणावा लागतो. मागून आणला तर लागत नाही, विकत घेतला तर घरात बरकत राहत नाही आणि कुणी आपल्या हातानं दिला तर देणाऱ्याची लक्ष्मी उठून जाते. हे शास्त्र ज्यानं कुणी पहिल्यांदा काढलं तो मेला नक्की चोरच असणार, असं शकूचं स्पष्ट मत होतं. चोराशिवाय असलं सोयीचं शास्त्र सुचणार कुणाला?

रसायनीच्या कामगार चाळीत, नळासमोरच्या खोलीत ती आणि तिचा नवरा पोपट, अशी दोघं राहायची. पोपट कारखान्यात पाळीवर जायचा. त्या सकाळी शकू दार उघडून बाहेर आली आणि पाहते तर दारावर चढवलेल्या तिच्या मनीप्लांटच्या वेलाचं शेंड्याकडचं पान गायब. आदल्याच दिवशी ते उलगडलं होतं. बरं, तोडायचं तर नीट कापावं की नाही? तर तेही नाही. नखानं पिरगाळून ओढलं होतं आणि देठाची सालपटं लोंबत होती.

शकूनं नळावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात तोंड सोडलं. माझं दार काय रात्री झाकलेलं असतं, की दारात वाघ बांधलाय? मागा की. कधी कुणाला नाही म्हटलंय? तोंडानं मागायला जीभ झडते का तुमची? बायका हंडे घासत राहिल्या. कुणी वर पाहिलं नाही. शेजारच्या खोलीतली चंद्राबाई तेवढी म्हणाली की पोरांनी तोडलं असेल. पोरांनी! चाळीतली पोरं चिंचा तोडतात, पेरू तोडतात, मनीप्लांट कशाला तोडतील?

तो वेल आला होता खालापूरहून. रेशनकार्डाच्या कामासाठी ती पोपटबरोबर कचेरीत गेली होती आणि साहेबाच्या खिडकीत बाटलीतला वेल तिच्या नजरेस पडला. पोपट हळूच म्हणाला, बाहेरून हात घालून घेऊ का? त्यावर ती त्याच्या अंगावर खेकसली आणि सरळ शिपायाकडे गेली. भाऊ, एक कांडं द्याल का? शिपायानं हसत हसत दोन पानांचं कांडं कापलं, ओल्या पेपरात गुंडाळून दिलं. म्हणजे शकूचा वेल मागून आणलेला. आणि तो लागला की नाही लागला? डालड्याच्या डब्यातून निघाला तो चौकटीवर चढला, दारावरून फिरला, खिडकी वेढून पुन्हा खाली आला. पानं अशी रुंद झाली की नळावर येणारी नवी बाई आधी वेलाकडे बघायची आणि मग शकूकडे.

फुकट नव्हता वाढला. पाताळगंगेच्या काठची गाळाची माती तिनं स्वतः डोक्यावरून आणली होती, त्यात कडावचं शेणखत कालवलं होतं. कारखान्याची धूळ बसली की ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. डब्यात बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घालायची, कारण उगाच पाणी ओतलं की पानं पिवळी पडतात. कडावला माहेरी लावणीच्या दिवसांत शेतात पहिली मूठ शकूनं लावायची असा तिच्या बापाचा नियमच होता. पोरीच्या हाताला गुण हाय, हिनं लावलेलं रोप उलथत नाय, असं तो सगळ्या गावाला सांगायचा. तो हातगुण शकूनं चाळीतही जपला होता, कारण जपण्यासारखं दुसरं काही तिच्याकडे फारसं नव्हतं. लग्नाला कैक वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती.

तर चाळीतल्या जवळपास प्रत्येक खिडकीत तिच्याच वेलाचं पान होतं. कुणाचं कपात, कुणाचं औषधाच्या बाटलीत. आणि गंमत अशी की एकही वाढत नव्हतं. वाढणार कसं? घाईघाईत चोरताना बायका नुसतं पान देठासकट तोडायच्या, पेर कधी घ्यायच्याच नाहीत. फुटवा पेराला येतो, पानाला नाही. ती पानं पाण्यात मरतही नव्हती आणि फुटतही नव्हती. शकूनं नळावर दोनदा सांगून पाहिलं की अगं बायांनो, पेराखाली कापा, पानाला डोळा नसतो. तर सगळ्या अशा बघत राहिल्या की जणू कसला वेल आणि कसली पानं! सांगणाऱ्याची अक्कल घ्यायची, तर चोरी कबूल करावी लागते ना.

पोपटला या सगळ्याचं हसू यायचं. पानंच हायत ती, म्हणायचा. तिला त्याचाही राग यायचा, पण जेवायला वाढताना राग किती वेळ धरणार?

मग चंद्राबाईच्या सुनेला, चिमाला, मुलगा झाला. चंद्राबाईनं पेढे वाटले ते पोपटच्या हाती दिले, शकूच्या नाही. शकूनं मनावर घेतलं नाही. चिमाची ओटी भरली तेव्हाही तिला बोलावणं नव्हतं. तेव्हा तिनं स्वतःची समजूत घातली होती की विसरल्या असतील. आता बारशाचं बोलावणं फिरलं. चंद्राबाई कुंकवाचा करंडा घेऊन ओळीनं प्रत्येक दारात थांबली. शकूच्या दाराशी मात्र तिनं पदर सावरला आणि पुढच्या खोलीकडे वळली. शकू दारातच उभी होती. विसरण्याला काही जागाच उरली नाही.

बारशाच्या दिवशी ती मुद्दाम मोहोपाड्याच्या बाजारात गेली, डोळ्यांसमोर नको म्हणून. परत आली तेव्हा चौकटीवर नुसते खिळे होते आणि त्यांना बांधलेली सुतळी. वेल डब्यापासून छाटून नेला होता. मातीत बोटभर बुडखा उभा होता, बस्स. शकूच्या हातातली पिशवी खाली पडली आणि कांदे घरंगळत गेले.

शेजारच्या खोलीतून बायकांचं गाणं ऐकू येत होतं. शकू उंबऱ्यापर्यंत गेली. आत पाळणा टांगलेला होता आणि पाळण्याच्या दोऱ्यांवर, कड्यावर, चारी कडांना तिचा वेल सुतळीनं बांधून गुंडाळलेला होता. तिनं पुसलेली पानं, ओळखू येत होती एकेक. मधे चिमाचं बाळ नव्या कुंचीत, डोळे उघडे ठेवून वर टक लावून बघत होतं.

गाणं थांबलं. शकूनं कुणाकडे न बघता विचारलं, "माजा वेल कुनी कापला?"

चंद्राबाई पुढं आली. शुभकार्य आहे, आज तोंड उघडू नकोस, असं ती खालच्या आवाजात म्हणाली. शकू म्हणाली, मी रोज नळावर ओरडून सांगते, मागा, देते. मग मागितला का नाही?

चंद्राबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि अगदी समजावल्यासारखं, मायेनं म्हणावं तसं म्हणाली, "अगं शके, तुज्याकडून मागून कसा घेनार? पोराच्या पाळन्याला तुज्या हातचं चालतं का? म्हनून तर न सांगता आनला. चोरून आनल्यालं आसलं म्हंजी त्याला देनारनीचा हात लागत नाय."

एवढं बोलून ती बाजूला झाली, जसं काही सगळं मिटलं. बाकीच्या बायका पोराकडे बघत होत्या.

शकूला आता उमगलं. लक्ष्मीचं शास्त्र वगैरे काही नव्हतं. एवढी वर्षं या बायका तिच्या दारात यायच्या, पानं न्यायच्या आणि मागायच्या नाहीत, ते वांझेच्या हातातून घ्यायला नको म्हणून. आणि खिडकीतली ती पानं फुटत नव्हती, त्याचं खापरही तिच्याच हातावर फोडलं जात असणार. ज्या हाताची पहिली मूठ बापाला लागायची, त्या हाताला ही चाळ विटाळ समजत होती.

"पान चालतं, वेल चालतो, आन हात तेवडा चालत नाय?" ती म्हणाली. "मग वेल बी चालनार नाय."

ती पाळण्यापाशी गेली आणि सुतळीची एकेक गाठ सोडायला लागली. चंद्राबाई ओरडली, कुणीतरी तिचा दंड धरला, तो तिनं झटकला. बाळाला तिनं बोट लावलं नाही. एक पान कुंचीवर पडलं तेही अलगद उचललं. चिमा पाळण्याशी बसलेली होती. पाळणा हलू नये म्हणून तिनं त्याची दोरी घट्ट धरून ठेवली. शेवटची गाठ सुटल्यावर शकूनं सगळा वेल पदरात भरला आणि निघाली.

चाळीनं मग काय काय नाही म्हटलं! बारशाच्या घरात शिरून पाळणा ओरबाडला, पोराला दृष्ट लावली, जळली मेली दुसऱ्याच्या पोरावर. बाळ त्या रात्री रडलं, तेही शकूमुळेच. जसं काही चाळीतलं दुसरं कुठलं पोर कधी रडलंच नव्हतं. पोपट पाळीवरून आला तेव्हा त्याला दहा तोंडांनी दहा गोष्टी कळलेल्या होत्या. पाळण्यावरून काढायला नको होता, असं तो चाचरत म्हणाला. शकू कडाडली. मग कुठून काढू? त्यांनी माझ्या दारावरून काढला तेव्हा कुठं होतात? मला त्या काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?

ठाऊक होतं, एवढंच पोपट म्हणाला. पानंच हायत ती, असं मात्र या वेळी म्हणाला नाही. जेवणही न करता तो बाहेर गेला आणि कँटीनमधून रिकाम्या बाटल्यांची पिशवी भरून घेऊन आला.

शकूनं वेलाची कांडी कापली. प्रत्येक कांड्याला एक पान आणि एक पेर, पेराखाली तिरपा काप. पेर पाण्यात बुडेल आणि पान वर राहील अशी एकेक बाटली भरून खिडकीत मांडली. काम करताना तोंडाचा पट्टा चालूच होता. पाणी बदलायची आणि चाळीचा उद्धार करायची. तिच्या रागाचं पेरांना काही नव्हतं. पेरापेराला पांढरी टोकं आली, त्यांची मुळं झाली आणि पानाच्या बगलेतून नवे कोंब निघाले. डब्यातला बुडखासुद्धा फुटला. मग तिनं सगळ्या बाटल्या बाहेर ओट्यावर, नळाच्या समोर मांडल्या. या आता, बघते कोण नेतंय, असं म्हणून दारात बसायला लागली. एकही बाटली हलली नाही.

काही महिन्यांनी एका संध्याकाळी नळ आला होता, हंड्यांची रांग लागली होती आणि चंद्राबाईचा हंडा नळाखाली होता. चिमा बाळाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या देखत शकूच्या ओट्याशी आली.

"शकूवैनी, मला एक कांडं द्या," ती म्हणाली.

"का गं? तुमच्यात चोरून न्यायची रीत हाय ना?"

"मला तुमच्या हातचं पायजे."

नळावरून चंद्राबाईनं तिला हाक मारली. चिमे, पोराला घेऊन घरात चल. चिमा जागची हलली नाही. तिनं मोकळा हात पुढं केला.

शकूनं सगळ्यांत जोमदार बाटली निवडली, पाणी निथळून मुळांसकट वेल बाहेर काढला. पण तो त्या हातावर ठेवला नाही.

"हात नको," ती म्हणाली. "पदर पसर."

नळावरच्या बायका वळून बघू लागल्या. पदरात घालायचं म्हणजे ओटी भरायची, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. चिमानं एकदा सासूकडे पाहिलं. मग बाळाला कडेवर नीट सरकवलं आणि पदर पसरला. शकूनं ओल्या मुळांचा वेल त्यात घातला. पोरानं लगेच हात घालून पान पकडलं आणि ते कुणी सोडवलं नाही.

नळाखाली चंद्राबाईचा हंडा भरून वाहत होता. शकूनं ओट्यावरची दुसरी बाटली उचलली.

"मावशी," ती म्हणाली, "तुमाला बी देते. तोंडानं मागा मातर."