शेवटचा हात

तोंडी परीक्षेत प्रतिक्षाचा हात धरणारं कुणी नव्हतं. जिवाणू, विषाणू, बुरशी, आदिजीव, काय हवं ते विचारा की! जिवाणू गोल, काठीसारखे नाहीतर पीळदार. रंग दिला की काही जांभळे राहतात, काही गुलाबी होतात. सगळं धडाधडा सांगायची. घोडं पेंड खायचं ते प्रात्यक्षिकात. गेल्या साली काचेवरचे जिवाणू जांभळे निघायला हवे होते, हिचे निघाले गुलाबी. नापास!

यंदाची संधी शेवटची. सोलापुरातली एक लॅब तिला घ्यायला तयार होती, पण पास झाली तरच. नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, रंगखात्यात, आई भीमाबाईच्या शेजारी उभं राहायचं. ते तिला नको होतं आणि तसं तिनं आईला तोंडावर सांगितलंही होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी गुरुलिंग सरांनी तिला समोर उभं केलं. "कर. आज मी नुसता तुझा हात बघणार."

तिनं काचेवरच्या जिवाणूंना जांभळा रंग दिला, आयोडीन दिलं, काच तिरकी धरून अल्कोहोल सोडलं. जांभळं पाणी ओघळलं, फिकं झालं, नितळ झालं. प्रतिक्षानं वर अजून थोडं सोडलं.

"अगं थांब! नितळ झालं होतं की. हे कशाला?"

"शेवटचा हात, सर."

हा भीमाबाईचा नियम. पाणी नितळ आलं तरी अजून एक हात द्यायचाच, नाहीतर टॉवेलचा रंग गिऱ्हाइकाच्या अंगाला लागतो. घरातलं प्रत्येक कापड प्रतिक्षानं असंच धुतलं होतं.

सरांनी कपाळाला हात लावला. "बाई गं! जांभळा रंग धरून ठेवणाऱ्यांचाही रंग तू धुऊन टाकतेस. मग गुलाबी दिला की सगळेच गुलाबी!"

घरी तिनं हे सांगितलं, तशी भीमाबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"म्हंजी माज्यामुळं नापास झालीस व्हय?"

"तसं न्हाय गं आई."

"तसंच हाय की." तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "उद्या तितं मला इसर. पार इसर."

प्रतिक्षाला लई वाईट वाटलं. पण ऐकायचं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी काचेवरून नितळ थेंब पडला आणि हात आपसूक बाटली वाकवू लागला. जन्माची सवय ती, सांगून थोडीच जाते! तिनं दात आवळले, बाटली बाकावर ठेवली आणि काच पाण्याखाली धरली. शेवटी गुलाबी रंग दिला.

सूक्ष्मदर्शकात द्राक्षाच्या घडासारखे जांभळे गोल दिसले आणि त्यांच्या मधे गुलाबी काठ्या.

"धुणं तिथंच का थांबवलंस?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, रंग कोण धरून ठेवतं आणि कोण सोडतं, हेच बघायचं असतं. सगळाच धुतला तर ओळखायचं कुणाला?"

निकाल लागला त्या दिवशी ती सरांच्या लॅबमधूनच, हात न धुता, धावत घरी आली. भीमाबाईनं "पास" हा एवढाच शब्द ऐकला आणि पदर डोळ्यांना लावला. मग लेकीची जांभळी बोटं बघून तिला नळाखाली ओढलं आणि साबणानं खसाखसा चोळू लागली. पाणी नितळ झालं. तिचा हात थबकला.

"अजून एक हात देऊ का गं?" तिनं भीतभीत विचारलं.

"दे की," प्रतिक्षा म्हणाली. "हितं तुजंच चालतं."