तुपाचा डाग

"बाबा, ही पैठणी आहे की डांबरगोळ्यांचं पोतं?" स्वरूपानं नाक दाबलं.

पैठणी तिच्या आईची, सरलाची, लग्नातली. सरलाला जाऊन चार वर्षं झाली होती आणि येत्या रविवारी स्वतःच्या लग्नाच्या पंगतीला लेक तीच नेसणार होती. वासाचं एक वेळ चाललं असतं हो, पण ऐन मांडीवर तुपाचा पिवळा डाग होता. 'आई नाही म्हणून पोरीला डागाळलेलं नेसवलं,' असं कुणी म्हणालं तर? या विचारानं सूर्यकांतराव डाग पुन्हा पुन्हा बोटानं चोळून पाहत होते.

डाग म्हणजे त्यांचाच पराक्रम. पंगतीत सरलाला जिलबीचा घास भरवताना नाव घ्यायचं होतं. ते ऐनवेळी विसरले, घास हातातच राहिला आणि तूप टपकलं. पुढे कधीही डाग काढायची गोष्ट निघाली की सरला म्हणायची, "राहू दे हो. तुमची तेवढीच एक फजिती जपून ठेवलीय मी."

आता मात्र ते हट्टाला पेटले. डागावर टाल्कम पावडर दाबली. जुनं रेशीम सावलीत वाऱ्याला टाकावं ही स्वतःच्या आईची शिकवण आठवून पैठणी नोएडाच्या बाल्कनीत टांगली. पण आईनं दिल्लीचा नोव्हेंबर कुठे पाहिला होता! संध्याकाळी डांबरगोळ्यांच्या जोडीला धूरही मुरला.

"भाईसाहब, लगता है साड़ी रोज़ सिगरेट के दो पैकेट पीती है," शेजारच्या मिसेस अरोरा म्हणाल्या.

सूर्यकांतरावांनी घरातला एकुलता एक एअर प्युरिफायर पैठणीसमोर मांडला. बापलेक आतल्या खोलीत खोकत बसले.

"आणि मी श्वास कधी घेऊ?" स्वरूपानं विचारलं.

"रविवारनंतर घे. बिल्कुल मोकळा!"

वास गेला. डाग ढिम्म हलला नाही. ड्रायक्लीनरनंही जरीची भीती घालून हात वर केले. बिचारे सूर्यकांतराव लग्नात पावडरचा डबा खिशात घेऊन फिरत होते. आता त्याचा काय उपयोग, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पंगत बसली. दिल्लीतच वाढलेल्या नवऱ्यामुलानं, अथर्वनं, महिनाभर घोकलेलं नाव पहिल्या ओळीनंतर अडकलं. "एक मिनिट यार, आत्ता तर येत होतं!" जिलबी हातातच राहिली आणि टपकन तुपाचा थेंब पडला. अगदी जुन्या डागाला खेटून!

"बाबा, पावडर! लवकर!" स्वरूपा ओरडली.

सूर्यकांतराव धावले. डबा उघडून त्यांनी पावडर तळहातावर घेतलीसुद्धा. ताजा डाग, हां हां म्हणता निघाला असता. त्यांचं लक्ष अथर्वकडे गेलं. बिचाऱ्याचे कान लालबुंद झाले होते आणि स्वरूपा त्याच्याकडे पाहून हसू दाबत होती.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. मग त्यांना सरलाची फार फार आठवण आली. त्यांनी तळहातानं डोळे पुसले आणि गालभर पावडर फासून फोटोला उभे राहिले.