धाकट्याच्या प्रिंटरची लिपी

दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. जिन्यावरही माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि मागचे पुढच्यांना विचारत होते, "लिहिलं का हो काही?"

आतल्या खोलीत टेबलावर एक जुना प्रिंटर होता. ही खोली धाकट्याची. यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा दिवस जायचा. एका सकाळी तो उठलाच नाही. त्यानंतर आठवडाही झाला नसेल, कुणी हात न लावता प्रिंटर आपोआप खरखरला. तेव्हापासून दर तासाला त्यावर एक ओळ उमटे: चौकोन, वाकडे कंस, उलटीपालटी चिन्हं, मध्येच एखादं इंग्रजी अक्षर.

"थांबा!" त्या ओळी वाचून दाखवायला रोज येणाऱ्या महाराजांनी हात वर केला. "जवळ आलाय तो... आता लिहील!"

हे म्हणताना त्यांचा एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे होता, हे फक्त धाकट्याच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं पाहिलं. काटा बारावर गेला, प्रिंटर खरखरला आणि जिन्यापर्यंत सगळ्यांचे हात जोडले गेले.

"ही आत्म्याची लिपी. जिवंत माणसाला शिकता येत नाही."

"मग तुम्हाला कशी आली?" समोरच्या दुकानातल्या शिंप्यानं विचारलं.

"मी एकदा मरून आलोय."

"काय म्हणतोय हो माझा?" आईनं विचारलं. तिच्या पायांवर सूज होती आणि चार शब्दांतच तिला धाप लागत होती.

"म्हणतोय, आई, गोळ्यांच्या बेड्या तोड. मी वाट बघतोय. लवकर ये."

आईनं समाधानानं मान हलवली. हृदयाच्या गोळ्या तिनं केव्हाच बंद केल्या होत्या. "पोरगं बोलावतंय आणि मी गोळ्या गिळत इथं बसू?" असं ती ताईलाच विचारी.

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. वर्गात ती मुलांना म्हणे, शंका विचारा. घरी मात्र तिची जीभ रेटत नव्हती. खरं सांगायचं तर दुपारी प्रिंटर वाजला की तीसुद्धा हातातलं काम टाकून त्या दाराशी जाई. क्षणभर वाटे, धाकटा आत बसलाय, आता चहा मागेल.

पण आज सकाळी डॉक्टर आईला तपासून बाहेर आल्या आणि ताईला म्हणाल्या, "आता गोळ्या सुरू झाल्या नाहीत, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

ताई पुढे झाली. छापलेल्या कागदांतला एक उचलून तिनं महाराजांच्या हातात दिला. "हा वाचता?"

महाराजांनी डोळे मिटले. "बहिणीनं शंका घेऊ नये, असं लिहिलंय."

"काल याच कागदावर तुम्ही वाचलंत, त्याला नवं अंथरूण हवंय. कोपऱ्यात माझी पेन्सिलीची खूण आहे, बघा. आणि तुम्ही तो उलटा धरलाय."

जिन्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आत्म्याच्या शब्दांचा अर्थ रोज बदलतो, बाई!"

"माझ्या पोराचं तोंड बंद करू नकोस गं," आई कळवळून म्हणाली.

तरी ताई प्रिंटरमागे वाकली. प्रिंटरची जाड तार एका छोट्या डबीत जात होती आणि डबीतून नेटची तार भिंतीकडे. कालच तिनं धाकट्याच्या संगणकावर त्या डबीची सेटिंग उघडून पाहिली होती. तिथे दुसऱ्या एका डबीचा पत्ता होता आणि पुढे धाकट्यानं टाकलेलं नाव: शीतगृह. तिथली यंत्रंही तोच सांभाळायचा.

तिनं शीतगृहाच्या व्यवस्थापकाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"तुमच्याकडे तापमानाचा मीटर आहे ना?"

"आहे की. जुना बंद पडला होता. नवा तुमच्या भावानंच मागवला, पण मीटर यायच्या आत तो... आम्हीच तार जोडली मग."

"त्यावर छापायचं बटण असेल. दाबा."

खर्रर्र! घड्याळात कसलाच तास झाला नव्हता.

"परत दाबा."

खर्रर्र!

"दोन टोकांना दोन डब्या आहेत," ताई लोकांकडे वळून म्हणाली. "तिकडची मीटरचे आकडे घेऊन नेटवर सोडते, इकडची ते प्रिंटरला देते. मीटरला वाटतं, प्रिंटर शेजारीच आहे. दर तासाला तो तापमान सांगतो. फक्त नवा मीटर भरभर बोलतो आणि तिकडची डबी अजून जुन्या, संथ वेगानं ऐकते. म्हणून हा कचरा. दोघांचा वेग जुळवायचा राहून गेला."

नव्या मीटरवर लिहिलेला वेग व्यवस्थापकाला विचारून तिनं धाकट्याच्या संगणकावर तिकडच्या डबीचा वेग तेवढाच केला. "आता दाबा."

या वेळी उमटलेली ओळ स्वच्छ होती. शिंप्यानं ती मोठ्यानं वाचली, "तापमान चार. दार बंद."

महाराज कधी उठले ते कळलंच नाही. चपलांच्या ढिगात आपला जोड शोधताना मात्र ते सगळ्यांना दिसले.

आईनं कागद हातात घेतला. "हे काय आहे?"

"बटाट्यांच्या गोदामाचं तापमान, आई."

"इतके दिवस हेच?"

"हेच."

"मग तो कुठंय?"

"नाहीये गं. कुठेच नाहीये."

ताई वळून दारातल्या माणसांना म्हणाली, "न कळणारं काही दिसलं तर कळलं नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. तार कुठं जाते ते बघा, माहीत असेल त्याला विचारा. पण त्याचा अर्थ असल्या माणसाकडून घेऊ नका. तो आपल्या माणसाच्या तोंडी स्वतःचे शब्द घालतो." मग ती आईपाशी जमिनीवर बसली. "आई, आपला धाकटा तुला मर म्हणेल? आठव ना, घरात पाय ठेवला की काय विचारायचा?"

आईनं कागद खाली ठेवला.

"गोळी घेतलीस का," ती म्हणाली, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडली.

ताई तिला धरून बसून राहिली. माणसं एकेक करून जिना उतरली. बऱ्याच वेळानं आईनं पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढे केला. ताईनं त्यावर गोळी ठेवली.